घर्षणाचा अर्धा धडा

"काल शिकवलेलं घरी कुणी करून पाहिलं?"

नेरेइदाबाई हा प्रश्न वीस वर्षं विचारत आल्या होत्या आणि वीस वर्षं मुलं बाकाखाली बघत आली होती. त्या बुधवारी मात्र दुसऱ्या रांगेतली मायलेन उठून उभी राहिली. बारा वर्षांची, किडकिडीत, पुढचा दात किंचित तुटलेला. गुणी पोर. तिचा गुणीपणाच त्या दिवशी नडला.

"मी केलं, बाई."

"शाबास! काय केलंस?"

आदल्या दिवशी, मंगळवारी, बाईंनी घर्षण शिकवलं होतं. शाळेत प्रयोगाचं सामान म्हणाल तर नावालाही नव्हतं. सिएराच्या डोंगरात त्या वर्षी कशालाच काही नव्हतं. रशियाहून येणारं डिझेल बंद झालं, मग ट्रक बंद झाले, आणि ट्रकबरोबर खडू, वह्या, बूट, साबण, सगळंच. पण बाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. आटवलेल्या दुधाच्या डब्याला बाटलीच्या झाकणांची चाकं लावून त्यांनी गाडी केली, एक फळी विटेवर तिरकी टेकवली आणि गाडी सोडली. सिमेंटच्या जमिनीवर ती अकरा वितींवर गेली, गोणपाटावर चार. जमिनीवर चिमूटभर वाळू भुरभुरली तर गाडी तिरकी होऊन घसरतच गेली, आणि वाळूचा जाड थर दिला तेव्हा दीड वितीत नाक खुपसून बसली. मग बाईंनी घरून बाटलीच्या बुडाशी आणलेलं चमचाभर तेल चाकांच्या आसाला लावलं. गाडी थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली आणि वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं.

"बघितलंत? घर्षण म्हणजे चोर," बाई म्हणाल्या होत्या. "तुमच्या गाडीची गती चोरतो. तेल लावलं की त्याचा हात घसरतो!"

हा झाला अर्धा धडा. उरलेला अर्धा असा, की हा चोर नसेल तर तुम्हाला चालता येणार नाही, हातात पेन्सिल धरता येणार नाही आणि एकदा सुटलेली गाडी थांबवता येणार नाही. त्यासाठी बाईंनी चपलेचं जुनं रबर कापून आणलं होतं. पण तेवढ्यात खिडकीतून कुणाची तरी आई ओरडली, "बाई, रेशनच्या दुकानात साबण आलाय! संपायच्या आत या!" चार महिन्यांनी साबण आला होता. बाईंनी रबराचा तुकडा टेबलाच्या खणात टाकला, "उरलेलं उद्या," म्हणाल्या आणि पदवीधर बाईला न शोभेल अशा धावत सुटल्या. एक वडी मिळाली. घरी नणंद होती आणि नणंदेला पाच पोरं, म्हणून ती वडी त्यांनी कागदात गुंडाळून शाळेच्या पिशवीतच ठेवली.

"आमच्या चिविचानाला तेल लावलं, बाई," मायलेन म्हणाली.

चिविचाना म्हणजे काही थोर वाहन नव्हे. एक लांबट फळी, खाली मोडीत निघालेल्या ट्रकची चार बेअरिंगं चाकं म्हणून, पुढचा आस पायांनी वळवायचा, आणि हाताशी एक दांडा. दांडा ओढला की टायरचा जाड तुकडा मागच्या चाकांवर दाबला जातो. तोच ब्रेक. डिझेल गेल्यापासून त्या डोंगरातली कॉफी, केळी, म्हातारी माणसं, सगळं चिविचानावरूनच खाली उतरायचं. एकदा एक शवपेटीही उतरली होती.

"चारही बेअरिंगांना लावलं. नुसती टिचकी मारली तर चाक फिरत राहतं. मी वीसपर्यंत मोजलं."

"आणि तेल कुठून आणलंस गं?"

"महिन्याचं होतं ते."

"मेलीस!" मागून ओस्मेल ओरडला. "आता महिनाभर उकडलेल्या अळकुड्या खा!" वर्ग हसला. बाईही हसल्या. या मुलांनी शिकलेलं घरी नेलं, याचंच त्यांना कौतुक.

"आईसाठी लावलं ना," मायलेन ओस्मेलकडे वळून म्हणाली. "आज बाबा तिला खाली प्रसूतिगृहात नेऊन ठेवणार आहेत. तिला धक्के बसू नयेत म्हणून. आणि ब्रेकला पण लावलं."

बाईंचं हसू ओठांवरच राहिलं.

"ब्रेकला कुठे?"

"रबराला. दोनदा. काल संध्याकाळी चोळून मुरू दिलं आणि आज सकाळी परत. ते चाकाला लागलं की कसलं किंचाळतं, बाई! दिवस भरत आल्यापासून आईला तो आवाज सहन होत नाही, डोकं धरून बसते. आता अजिबात नाही ओरडणार. चोराला घालवलं मी."

 बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"ते निघाले का?"

"मी यायला निघाले तेव्हा बाबा गादी बांधत होते."

त्या घरापासून डोंगराच्या धारेवरच्या क्रूसापर्यंतचा रस्ता सपाट. तिथपर्यंत मायलेनचा बाप रोसेंदो गाडी हाताने ढकलत नेणार, ब्रेकला हात लावायचं त्याला कारणच नाही. क्रूसापाशी तो पुढे बसणार, बायकोला मागे गादीवर बसवणार आणि पाय उचलणार. तिथून सिमेंटचा रस्ता जो खाली सुटतो, तो थेट कोपरापर्यंत. कोपर म्हणजे ते वळण, जिथे रस्ता हाताच्या कोपरासारखा मुडपतो आणि पुढे नुसती दरी असते.

"ओस्मेल! वर क्रूसाकडे पळ. रोसेंदो भेटला तर गाडीपुढे आडवा पड, पण त्याला बसू देऊ नकोस. निघून गेला असेल तर शिट्टी घाल. बाकीचे माझ्यामागे!"

"काय झालं, बाई?" मायलेनने विचारलं.

उत्तर द्यायला बाई थांबल्याच नाहीत. खांद्याला पिशवी तशीच लटकत होती. शाळेमागून कॉफीच्या झाडांमधून एक पायवाट सरळ कोपरावर उतरते. ती बकऱ्यांची वाट, पंचेचाळीस वर्षांच्या बाईची नव्हे. त्या घसरत, फांद्या धरत, एकदा बसल्या बसल्याच खाली गेल्या. मागे सोळा मुलांचा धडधडाट. आणि त्यात मायलेनचा आवाज, आता समजून चुकलेला, "बाई, रबराला लावायचं नव्हतं का? बाई, लावायचं नव्हतं का?"

खाली रस्त्यावर पोचल्या तेव्हा बाईंना दम लागला होता आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्यांनी कान दिला. चिविचाना येत असली की दोन वळणं आधी कळतं, सिमेंटवर बेअरिंगांचा घरघराट सगळ्या दरीत घुमतो. आता काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की तेल प्यायलेली बेअरिंगं तेवढी गरजायची नाहीतच. गाडी किती वर आहे, आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही.

मग वरून शिट्टी आली. लांब, चिरकी, पुन्हा पुन्हा. ओस्मेल उशिरा पोचला होता.

"रडायला नंतर वेळ आहे!" बाई कुणाला म्हणाल्या कोण जाणे, कारण रडत त्या स्वतःच होत्या. रस्त्याच्या कडेला दवाखान्याच्या बांधकामासाठी आणलेला वाळूचा ढीग वर्षभर तसाच पडला होता, सिमेंट आलंच नव्हतं म्हणून. "वाळू! रस्त्यावर वाळू टाका! पटापट!"

मुलांनी ओंजळी भरल्या आणि पेरणी करावी तशी वाळू उधळायला लागली.

"पातळ नको!" मायलेन किंचाळली. "पातळ वाळूवर डब्याची गाडी घसरली होती! जाड थर हवा. जाड!"

बाईंना लाज वाटली, हे आपल्याला सुचलं नाही म्हणून. "ऐका तिचं! वळणाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर टाका. आधी वीतभर, मग गुडघ्याएवढी!"

दप्तरं उलटी झाली, वह्या गटारात गेल्या. मुलींनी स्कर्टचा ओचा केला, मुलांनी शर्ट काढले आणि त्यांच्या झोळ्या केल्या. त्या काळात शर्ट फाटला तर वर्षभर दुसरा नाही. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बाई कुत्र्यासारख्या दोन्ही हातांनी वाळू मागे उकरत होत्या. थर वीतभर झाला. पुढे अजून सिमेंट उघडं दिसत होतं. होणार नाही, बाईंना वाटलं. एवढ्याने काही होणार नाही. एका साबणाच्या वडीपायी मी तीन जीव घालवले.

"आली!"

वरच्या वळणातून ती आली, आणि आवाज फक्त सापाच्या फुत्काराएवढा. रोसेंदो मागे रेललेला, एका हाताने दांडा छातीपर्यंत ओढलेला, आणि दोन्ही पाय सुकाणूवरून काढून रस्त्यावर रोवलेले. बुटांचा धूर निघत होता. त्याच्या मागे त्याची बायको डिग्ना, दोन्ही हात पोटाभोवती घट्ट. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

"बाजूला व्हा! बाजूला!" बाईंनी दिसेल त्या मुलाला दंडाला धरून कडेला ओढलं. मायलेन मात्र ओंजळभर वाळू घेऊन रस्त्यातच उभी होती. तिला त्यांनी धक्का मारून पाडलं.

गाडी वाळूत शिरली. पुढची चाकं रुतली, मागची बाजू उचलली गेली, फळी वाळू नांगरत पुढे सरकली, सरकली, आणि आडवी होऊन थांबली. कठडा नसलेल्या त्या वळणाची कड तिथून चार पावलांवर होती. डिग्ना गादीसकट कुशीवर लवंडली होती. 

"बाळ हलतंय," डिग्ना म्हणाली. तिने डोळे मिटले. "हलतंय. पण बाई, मला ओलं लागतंय. पाणी गेलं माझं."

रोसेंदो वाळूत बसून राहिला होता. त्याच्या बुटांना तळवे उरले नव्हते, आणि बुटांच्या आत पायांनाही फारसे उरले नव्हते. तो पायांकडे बघतच नव्हता.

"ब्रेक धरेचना," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "सकाळी मी नटबोल्ट सगळे आवळले होते. नुसता निसटत होता, लोण्यावर हात ठेवावा तसा. मी आवळले होते, डिग्ना, शपथ."

"बाबा, मी लावलं तेल," मायलेन म्हणाली. वाळूत पडल्यामुळे तिच्या केसांत, पापण्यांत वाळू होती. "आईला आवाजाचा त्रास होतो म्हणून. चोर पळतो म्हणून."

त्याला काही उलगडेना. त्याने बाईंकडे पाहिलं.

"मी शिकवलं," बाई म्हणाल्या. "तेलाने घर्षण जातं हे शिकवलं. ब्रेकला तेच लागतं, हे आज शिकवणार होते."

रोसेंदो हा शाळेतल्या बाईंपुढे टोपी काढून उभा राहणारा माणूस. पण त्या वेळी तो जे बोलला ते बाईंना मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं.

"अर्धंच शिकवायचं होतं, बाई, तर मुळात शिकवलंत कशाला?"

"साबण आला होता," बाई म्हणाल्या. यापेक्षा खरं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते तोंडातून निघाल्यावर त्यांना आपल्या तोंडात माती घालावीशी वाटली.

डिग्ना कण्हली. कळा सुरू झाल्या होत्या. गावातला डॉक्टर दोन दिवसांसाठी खाली गेलेला. वर घरी न्यायचं तर चढणीचा तास, आणि तिथे कोण होतं? खाली प्रसूतिगृह पाच किलोमीटरवर. ट्रॅक्टरमध्ये डिझेल नाही. खेचर कळा येणाऱ्या बाईला घेऊन उतरत नाही. बाईंनी चारी दिशांना बघितलं आणि शेवटी त्यांची नजर त्या फळीवरच आली. दुसरं काही नव्हतंच.

"मायलेन," डिग्ना वाळूतूनच म्हणाली. "तू चालव."

"नाही." मायलेन मागे सरकली. "नाही आई. मी नाही. मी हातसुद्धा लावणार नाही तिला."

"तुझा बाप उभा राहू शकत नाही. आणि बाईंना..." डिग्नाला कळ आली, ती गेली, मग तिने वाक्य पुरं केलं. "बाईंना फळ्यावरच येतं सगळं. तू तर सात वर्षांची असल्यापासून चालवतेस. ऊठ."

बाईंनी खांद्यावरची पिशवी काढली. आत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली ती वडी बाहेर काढली. पिवळी, कोरी, अजून पाणी न लागलेली. मुलं बघतच राहिली, कारण अशी अख्खी वडी त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"गटारातलं पाणी आणा. दप्तरात आणा, टोपीत आणा, कशातही आणा. मायलेन, इकडे ये. रबर धर."

दोघी गुडघ्यांवर बसल्या. बाईंनी साबण रबरावर घासला, मायलेनने वर वाळू चोळली, कुणी पाणी ओतलं. तेल सहजी सुटेना. पुन्हा साबण, पुन्हा वाळू. मागच्या चाकांच्या कडाही तशाच घासल्या. घासता घासता मायलेनच्या बोटांची सालटी निघाली. बाईंनी तिला थांब म्हटलं नाही, कारण थांबायला वेळ नव्हता आणि त्या पोरीला थांबायचंही नव्हतं. फेस आधी काळा आला, मग करडा, मग पांढरा. अख्खी वडी संपली. बाईंनी रबरावरून अंगठा फिरवला. अंगठा अडकला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडकला, तेव्हा त्यांना रडू फुटलं.

एवढ्यात ओस्मेल धापा टाकत उतरला. त्याला रोसेंदोपाशी बसवलं. बाईंनी आपला ब्लाऊज काढून रोसेंदोचे पाय बांधले आणि आतल्या बनियनवरच उभ्या राहिल्या. ओस्मेलने एरवी यावर आठवडाभर विनोद केले असते. त्याने मान दुसरीकडे वळवली.

गादीची दोरी फळीच्या मागच्या टोकाला बांधली.

"सगळ्यांनी दोरी धरा," बाई म्हणाल्या. "मागे रेला. टाचा रोवा. ब्रेक धरला तर उत्तमच. नाही धरला तर तुम्ही ब्रेक."

"बाई, बूट झिजतील," सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली. तिला बूट गेल्याच आठवड्यात मिळाले होते, रेशनवर, वर्षाचा एक जोड.

"हो गं बाळा. झिजतील."

मुलीने क्षणभर बुटांकडे पाहिलं आणि दोरी धरली.

डिग्नाला सहा जणांनी उचलून गादीवर ठेवलं. मायलेन पुढे बसली. तिला दांडा धरवेना. डिग्नाने मागून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि हनुवटी तिच्या वाळूने भरलेल्या केसांवर टेकवली. "मी तुझ्यामागे आहे," ती म्हणाली. "तू फक्त रस्ता बघ."

वाळूतून गाडी ओढून काढली, वळणापलीकडे नेली आणि सोडली. पहिल्याच उताराला तिने हिसका दिला. पंधरा मुलं आणि एक बाई दोरीसकट फरपटत पुढे गेली. टाचांखाली सिमेंट खरखरलं, हाताची कातडी सोलवटली. बाई ओरडल्या, "ओढ, मायलेन! दांडा ओढ!"

मायलेनने दांडा ओढला. काहीच झालं नाही. ओलं रबर चाकावरून नुसतं सरकलं. ती ओठ चावून, डोळे विस्फारून, दात आवळून पुटपुटत होती, "धर रे चोरा. धर. पाया पडते तुझ्या, धर."

आणि मग ब्रेक किंचाळला. डुकराचा गळा कापावा तसा कर्कश आवाज, दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरीचा ताण सैल पडला. गाडी चालत्या माणसाच्या गतीवर आली आणि तशीच उतरत राहिली. मागे मुलं दोरी न सोडता दुडुदुडु धावत होती. वरून, कोपरावरून, रोसेंदोची हाक आली. शब्द कळले नाहीत.

मायलेनला आईचे हात कमरेवर आवळलेले जाणवले. तिने घाबरून दांडा थोडा सोडला.

"आई, डोकं दुखतंय का? आवाज फार होतोय का?"

"सोडू नकोस!" डिग्ना कळ सोशीत ओरडली. "वाजू दे त्याला. खालीपर्यंत वाजू दे."